धुकं, सरहद्द आणि विकत घेतलेले शब्द

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रेडिओवरून सिनेमाबद्दल बोलणं म्हणजे फोनवरून जेवायला वाढण्यासारखं आहे. त्यातून ज्या दिग्दर्शकाबद्दल मी आज बोलणार आहे, त्याच्या चित्रपटांत माणसं फार बोलतही नाहीत. पाऊस पडत असतो, धुकं उतरलेलं असतं, लांबवर कुणीतरी चालत असतं आणि कॅमेरा त्याच्यामागून सावकाश जात असतो. घाईत असलेल्या माणसानं हे चित्रपट पाहू नयेत, असं मी मित्रांना आधीच सांगून ठेवतो. मी स्वतः त्याचा पहिला चित्रपट पाहिला तो वीसेक वर्षांपूर्वी, आमच्या शहरातल्या एका फिल्म सोसायटीच्या खेळाला. अर्ध्या तासात निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. मी बसून राहिलो, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर मधे दहा मिनिटं मला डुलकी लागली होती. घरी गेल्यावर मात्र रात्रभर झोप आली नाही.

थिओ अँजेलोपुलोस हे त्याचं नाव. ग्रीसमधला दिग्दर्शक, आणि आपल्या चित्रपटांचा पटकथाकारही तोच. २७ एप्रिल १९३५ रोजी अथेन्समध्ये त्याचा जन्म झाला. वडील स्पिरोस, आई कातेरिना. वडिलांचं लहानसं दुकान होतं.

त्याच्या सगळ्या सिनेमाचं मूळ एका हिवाळ्यात आहे. १९४४च्या ऑक्टोबरमध्ये जर्मन फौजा अथेन्स सोडून गेल्या आणि दोन महिन्यांत शहरातच लढाई पेटली. एकीकडे जर्मनांशी लढलेले डावे गनिमी सैनिक, दुसरीकडे ब्रिटिश फौज आणि राजाच्या बाजूचे लोक. त्या डिसेंबरमध्ये डाव्यांनी थिओच्या वडिलांना पकडून नेलं. आईनं नऊ वर्षांच्या मुलाचा हात धरला आणि उघड्या मैदानात पडलेल्या प्रेतांमध्ये ती नवऱ्याला शोधत फिरली. तिथे ते सापडले नाहीत. काही महिन्यांनी रस्त्याच्या टोकाकडून एक माणूस चालत येताना मुलाला दिसला. ते वडील होते. घरात कुणाच्या तोंडून शब्द फुटला नाही, सगळे मुकाट्यानं जेवायला बसले. ही आठवण त्यानं पुढे मुलाखतींमधून अनेकदा सांगितली.

आता गंमत पाहा. ज्याच्या बापाला डाव्यांनी उचलून नेलं, तो मुलगा पुढे डाव्या विचारांचाच झाला. पण बाप नाहीसा होणं आणि बाप परत येणं या दोन गोष्टींनी त्याची पाठ कधी सोडली नाही. त्याच्या चित्रपटांमधले म्हातारे बहुतेक वेळा स्पिरोस असतात, बायका कातेरिना असतात, आणि लहान मुलीचं नाव वूला असतं. वूला ही त्याची बहीण, ती लहानपणीच गेली.

शिक्षणाची गोष्ट थोडक्यात सांगतो. अथेन्समध्ये कायद्याचं शिक्षण त्यानं अर्धवट सोडलं. लष्करातली सक्तीची नोकरी संपवून १९६१मध्ये तो पॅरिसला गेला, सॉर्बोनमध्ये बसला, मग तिथल्या प्रसिद्ध चित्रपटशाळेत शिरला. तिथे एका शॉटवरून शिक्षकाशी वाजलं आणि त्याला काढून टाकण्यात आलं. १९६४मध्ये तो ग्रीसला परतला. एका निदर्शनाच्या वेळी पोलिसाचा फटका खाल्ला आणि परत पॅरिसला जायचा बेत राहून गेला. एका डाव्या दैनिकात तो चित्रपटपरीक्षणं लिहू लागला. २१ एप्रिल १९६७ला लष्करानं सत्ता बळकावली, ते दैनिक बंद पडलं आणि परीक्षक रिकामा झाला. परीक्षक रिकामा झाला की दिग्दर्शक होतो, असा काही नियम नाही, पण इथे तसं झालं.

‘पुनर्रचना’ हा त्याचा पहिला मोठा चित्रपट १९७०चा, कृष्णधवल. एपिरस या डोंगरी भागात घडलेल्या एका खऱ्या खुनावर तो आधारलेला आहे. जर्मनीत मजुरीला गेलेला नवरा गावी परततो आणि बायको आणि तिचा प्रियकर मिळून त्याला मारतात. १९६०मध्ये ग्रीस आणि पश्चिम जर्मनी यांच्यात मजुरांबाबत करार झाला होता. त्यानंतर डोंगरातली गावंच्या गावं रिकामी होत गेली, मागे म्हातारी माणसं, बायका आणि दगडी घरं उरली. पोलीस खुनाची पुनर्रचना करतात, म्हणजे आरोपींकडून तो प्रसंग पुन्हा करवून घेतात. पण आपल्याला खून दिसतच नाही. शेवटच्या दृश्यात कॅमेरा घराबाहेर उभा आहे. नवरा आत जातो, मुलं खेळतात, दार उघडतं आणि मिटतं. जे घडायचं ते आत घडून जातं. पोलीस, पत्रकार आणि आपण, सगळे बाहेरच. मला वाटतं, या एका दृश्यात पुढचा सगळा अँजेलोपुलोस आहे.

दार बंद ठेवण्याची ही सवय हुकूमशाहीत उपयोगी पडली. १९७२च्या ‘३६ सालचे दिवस’मध्ये एक कैदी एका पुढाऱ्याला कोठडीत ओलीस धरतो आणि सरकारची पंचाईत होते. महत्त्वाचं बोलणं दारामागे, फोनवर, कुजबुजत होतं. लष्करी राजवटीत असंच बोललं जातं, हे प्रेक्षकाला वेगळं सांगावं लागत नव्हतं.

आणि मग १९७५चा ‘ओ थियासोस’, म्हणजे ‘फिरती नाटकमंडळी’. याच्यावर थोडा वेळ थांबणार आहे, कारण तो पावणेचार तासांहून मोठा आहे आणि एवढ्या वेळात त्यात शॉट आहेत फक्त ऐंशीच्या घरात. आजकाल एका जाहिरातीतसुद्धा तीस-चाळीस शॉट सहज असतात.

एक नाटकमंडळी १९३९ ते १९५२ या काळात गावोगाव हिंडते आहे. बॅगा, छत्र्या, जुने कोट. आमच्याकडे जत्रेच्या आधी ट्रकमधून उतरणारा तमाशाचा फड ज्यानं पाहिला आहे, त्याला ही थकलेली माणसं लगेच ओळखीची वाटतील. नाटक एकच, ‘गोल्फो’ नावाची धनगर मुलीची भाबडी प्रेमकथा. पण ते नाटक एकदाही सुरळीत पार पडत नाही. कधी इटलीची विमानं येतात, कधी पोलीस येतात. एकदा तर मंडळीतला मुलगा ओरेस्टिस, जो आता गनिमी सैनिक झालेला आहे, तो रंगमंचावर येऊन आपल्या आईला आणि तिच्या प्रियकराला खरोखरच्या गोळ्या घालतो. त्या प्रियकरानंच त्याच्या बापाला जर्मनांच्या हवाली केलेलं असतं. प्रेक्षकांना वाटतं नाटकच चाललं आहे, ते टाळ्या वाजवतात. अडीच हजार वर्षांपूर्वीची अगामेम्नॉनच्या घराण्याची शोकांतिका त्यानं अशी विसाव्या शतकातल्या भिकार नाटकमंडळीत आणून बसवली.

यात एक जागा आहे ती मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९४६च्या नववर्षाची रात्र. नाचाचा हॉल. एका बाजूला डावे तरुण, दुसऱ्या बाजूला राजाचे पाठीराखे. दोघं एकमेकांवर गाणी फेकतात, आपल्याकडे कलगी-तुऱ्याचा सामना व्हावा तशी. मग एकजण पिस्तूल काढतो. डावे तरुण आपल्या जोडीदारणींसह निघून जातात. हॉलमध्ये उरलेले पुरुष पुरुषांबरोबरच नाचू लागतात. पहाटे ते रस्त्यावर येतात, गाणं म्हणत चालू लागतात. चालता चालता पावलं कवायतीची होतात. कॅमेरा न थांबता त्यांच्यामागून चालला आहे. रस्ता संपतो तेव्हा ते एका प्रचारसभेत पोचलेले असतात आणि ती सभा असते १९५२ सालची, मार्शल पापागोसच्या निवडणुकीची. कुठेही कात्री लावलेली नाही. शे-दोनशे पावलांत सहा वर्षं आणि एक यादवी युद्ध संपून जातं. यादवीत हरलेले बेटांवरच्या छावण्यांत गेले, जिंकलेले मंचावर गेले. भूतकाळ मागे टाकून आपण पुढे आलो, असं आपण म्हणतो. हा दिग्दर्शक दाखवतो की रस्ता तोच आहे आणि माणसंही तीच आहेत.

हे चित्रीकरण सुरू झालं तेव्हा लष्करी राजवट अजून होती. जर्मन ताब्याच्या काळात घडणारी पुराणातली गोष्ट आहे, असं सांगून त्यानं वेळ मारून नेली. जुलै १९७४मध्ये राजवट कोसळली. पण नव्या लोकशाही सरकारनंही हा चित्रपट देशाचा अधिकृत चित्रपट म्हणून कानला पाठवला नाही. तो तिथल्या एका समांतर विभागात दाखवला गेला, समीक्षकांचं पारितोषिक मिळवून आला, आणि त्यानंतर जगाला या माणसाचं नाव कळलं.

‘शिकारी’ (१९७७) आणि ‘अलेक्झांडर द ग्रेट’ (१९८०) यांबद्दल मी फार बोलणार नाही. ‘शिकारी’तली कल्पना मात्र विसरता येत नाही. १९७६ संपत असताना काही सुखवस्तू शिकाऱ्यांना बर्फात एका गनिमी सैनिकाचं प्रेत सापडतं. यादवी संपून सत्तावीस वर्षं झालेली, आणि त्याच्या जखमेतलं रक्त अजून ताजं.

१९८४पासून त्याच्या सिनेमाचा सूर बदलला. इतिहास मागे सरला आणि एकेकटी माणसं पुढे आली. इटलीचा कवी-पटकथाकार तोनिनो ग्वेर्रा त्याच्याबरोबर लिहू लागला. एलेनी कराइंद्रूचं संगीत आलं, आणि ते संगीत वजा केलं तर पुढचे चित्रपट मला आठवता येत नाहीत. कॅमेरामन योर्गोस अर्वानितिस तर पहिल्यापासूनच होता. स्वच्छ ऊन हा ग्रीसचा पर्यटनाचा धंदा, आणि हे दोघं ढग येण्याची वाट बघत बसायचे.

‘किथिराची यात्रा’मध्ये यादवीत हरून सोव्हिएत रशियात गेलेला एक म्हातारा बत्तीस वर्षांनी घरी येतो. पुन्हा तोच बाप, पुन्हा तेच परतणं. पण आता तो कुणालाच नको आहे. त्याला नागरिकत्व नाही. अधिकारी त्याला सागरी हद्दीपलीकडे एका तराफ्यावर ठेवतात. त्याची म्हातारी बायको म्हणते, मलाही तिथेच सोडा. दोघं तराफ्यावर उभे, तराफा धुक्यात जातो. या चित्रपटाला कानमध्ये पटकथेचं पारितोषिक मिळालं.

‘धुक्यातलं दृश्य’ (१९८८) माझ्या मुलीला मी बारा वर्षांची असताना दाखवला आणि चूक केली, कारण त्यात एक फार क्रूर प्रसंग आहे. वूला आणि तिचा धाकटा भाऊ अलेक्झांड्रोस बापाला शोधायला रेल्वेनं जर्मनीला निघतात. बाप जर्मनीत आहे ही आईची थाप असते. ग्रीसला जर्मनीची सीमाच लागत नाही, हे त्या पोरांना माहीत नाही. वाटेत समुद्रातून एक प्रचंड दगडी हात वर येतो, हेलिकॉप्टर तो उचलून शहरावरून नेतं. त्या हाताची तर्जनी तुटलेली आहे. म्हणजे ग्रीसच्या प्राचीन वारशानं वाट दाखवावी, तर बोटच नाही. हे माझं वाचन. त्याला विचारलं असतं तर त्यानं बहुधा खांदे उडवले असते.

मग सरहद्दीचे चित्रपट. १९९१च्या ‘करकोच्याचं अधांतरी पाऊल’मध्ये नदीच्या एका काठावर नवरी आहे, दुसऱ्या काठावर नवरा. मधे देशाची हद्द. लग्न लागतं, कुणी मोठ्यानं बोलत नाही, कारण सैनिकांची गस्त येईल. हे चित्रीकरण उत्तरेकडच्या फ्लोरिना गावात चाललं असताना तिथल्या बिशपनं चर्चच्या घंटा वाजवून विरोध केला आणि दिग्दर्शकाला धर्मबहिष्कृत ठरवलं. काम थांबलं नाही. १९९५च्या ‘युलिसिसची नजर’मध्ये डॅन्यूब नदीतून एका मालवाहू नौकेवर आडवा पडलेला लेनिनचा विराट पुतळा जातो आणि काठावरचे लोक गुडघे टेकून क्रूसाची खूण करतात. हे दृश्य अप्रतिम आहे. बाकीचा चित्रपट मला तितका पटत नाही. हार्वी काइटेलच्या तोंडची वाक्यं पुस्तकातून वाचल्यासारखी वाटतात. त्याला त्या वर्षी कानचं दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक मिळालं आणि अँजेलोपुलोसनं आपली नाराजी व्यासपीठावरच लपवली नाही. ते त्याला शोभलं नाही. पण तीन वर्षांनी, १९९८मध्ये, ‘अनंतकाळ आणि एक दिवस’ला तिथलंच सर्वोच्च ‘पाम द’ऑर’ मिळालं.

फिल्म सोसायटीत मी पाहिला तो हाच चित्रपट. अलेक्झांड्रोस नावाचा म्हातारा कवी. उद्या तो इस्पितळात भरती होणार आणि तिथून परतणार नाही. शेवटच्या दिवशी त्याला सिग्नलवर गाड्यांच्या काचा पुसणारा, अल्बेनियातून पळून आलेला एक मुलगा भेटतो. कवी त्याला एका जुन्या कवीची गोष्ट सांगतो. तो कवी खरा होऊन गेलेला आहे, दिओनिसिओस सोलोमोस. १७९८मध्ये झाकिंथोस बेटावर जन्मला, बाप सरदार, आई त्याच घरातली मोलकरीण. दहा वर्षांचा असताना शिकायला इटलीत गेला, परत आला तेव्हा कविता करत होता, पण इटालियनमध्ये. आईची ग्रीक त्याच्या हाताशी राहिली नव्हती. त्यानं ती पुन्हा शिकून घेतली आणि १८२३मध्ये ‘स्वातंत्र्याचं स्तोत्र’ लिहिलं. त्यातली पहिली कडवी आज ग्रीसचं राष्ट्रगीत आहेत. चित्रपटात हा सोलोमोस गावातल्या लोकांकडून ठाऊक नसलेले शब्द पैसे देऊन विकत घेतो. गोष्ट ऐकून तो पोरगाही म्हाताऱ्या कवीला शब्द आणून देऊ लागतो. ‘क्सेनितिस’ म्हणजे परका, घरापासून लांब गेलेला. ‘अर्गादिनी’ म्हणजे फार उशिराची रात्र.

इथे मला अंधारात रडू आलं. त्याचं कारण सांगतो.

आमच्या घरात दख्खनी बोलली जायची. मी नगरपालिकेच्या मराठी शाळेत गेलो. शब्द मी विकत नाही, पण उधार आणले: पिठाच्या गिरणीतून, शेजारच्या मावशींच्या ओव्यांमधून, बाजार समितीतल्या हमालांकडून. एकदा कुठूनसा ‘कातरवेळ’ हा शब्द घेऊन आलो. अम्मीनं विचारलं, ‘क्या होता रे वो?’ मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, ‘फिर मगरिब का वखत बोल ना सीधा.’ पुढे पहिलं पुस्तक आलं, कविसंमेलनांची बोलावणी आली. एका व्यासपीठावर सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना कौतुकानं म्हटलं, ‘यांचं मराठी ऐकून अडनावाचा पत्ताच लागत नाही.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसलो. त्या गृहस्थांच्या मनात काही वाकडं नव्हतं. ज्या कागदावर मी मराठी लिहितो तो कागद, ती शाई, ती दौत, हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले, आणि आमच्या दख्खनीतलं ‘नक्को’ मराठीतून आलं, हे तिथे सांगायचं सुचलं नाही. घरी आल्यावर सुचलं.

चित्रपट पाहिल्यानंतर मी ग्रीसचा इतिहास वाचायला घेतला आणि १९२३पाशी अडलो. ३० जानेवारी १९२३ रोजी लोझान इथे ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार केला. तुर्कस्तानातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसला, ग्रीसमधले मुसलमान तुर्कस्तानला. ख्रिस्ती सुमारे बारा लाख, त्यातले बरेचसे आदल्या वर्षीच्या युद्धात आधीच पळून आलेले. मुसलमान साडेतीन ते चार लाख. कसोटी फक्त धर्माची, भाषा कुणी विचारली नाही. त्यामुळे क्रीट बेटावरचे मुसलमान, ज्यांना ग्रीकशिवाय दुसरी भाषा धड येत नव्हती, ते तुर्की किनाऱ्यावर उतरले. आणि मध्य तुर्कस्तानातले ख्रिस्ती, ज्यांच्या घरात तुर्कीच बोलली जायची, ते ग्रीसमध्ये परके ठरले. क्रीटमधल्या त्या मुसलमानांत कुणी ग्रीकमध्ये पदं रचणारा असेलच. त्याच्यापुढे कागद ठेवणाऱ्या कारकुनाला त्याची पदं ऐकायची नव्हती. हे वाचताना पुस्तक मिटून मी गच्चीवर गेलो होतो.

अँजेलोपुलोसच्या चित्रपटांत हे निर्वासित सतत येतात. ‘नाटकमंडळी’त बाप आगगाडीत थेट आपल्याकडे बघत १९२२ची पळापळ सांगतो. २००४च्या ‘रडतं कुरण’ची सुरुवातच १९१९मध्ये ओडेसाहून पळून आलेल्या ग्रीकांच्या जथ्यानं होते. त्यासाठी त्यानं एका सरोवरात खरंखुरं गाव उभं केलं, आणि पाणी चढल्यावर ते बुडतं. पण जे निघून गेले, म्हणजे सलोनिकातून, क्रीटमधून गेलेले मुसलमान, त्यांच्यावर त्यानं स्वतंत्र चित्रपट केला नाही. ही माझी त्याच्याकडे राहिलेली एक मागणी. त्याचा अनेक वर्षांचा सहलेखक पेत्रोस मार्कारिस हा इस्तंबूलमध्ये जन्मलेला, बाप आर्मेनियन, आई ग्रीक, आणि लिहितो ग्रीकमध्ये. त्याच्याजवळ ही गोष्ट नक्की होती.

‘रडतं कुरण’पासून त्याला विसाव्या शतकावर तीन चित्रपट करायचे होते. दुसरा ‘काळाची धूळ’ २००८मध्ये आला. तिसरा ‘दुसरा समुद्र’, ग्रीसच्या आर्थिक संकटाच्या दिवसांतला. त्याचं चित्रीकरण पिरेअस बंदराजवळ चालू असताना २४ जानेवारी २०१२च्या संध्याकाळी रस्ता ओलांडताना त्याला मोटारसायकलची धडक बसली आणि त्याच रात्री तो गेला. वय ७६. चित्रपट अपुरा राहिला.

फिल्म सोसायटीतल्या त्या रात्रीनंतर मी एक वही आणली होती. अम्मीला गमतीनं म्हटलं, तुझे दख्खनी शब्द दे, एका शब्दाला एक रुपया. तिला वाटलं पोरगा कामातून गेला. पण संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता ती एकेक शब्द सांगू लागली, अर्थ सांगू लागली, तो शब्द कोणत्या खालाच्या तोंडी होता तेही सांगू लागली. मी सुटे पैसे तिच्या पदराजवळ ठेवत गेलो. एकवीस शब्द झाले. बाविसाव्याला तिनं भाव वाढवून दोन रुपये केला.